बारा आण्यांची मोटर

मोटरीचं भाडं आठ आण्यांचं बारा आणे झालं, त्या दिवशी मुखरूनं गावात गूळ वाटला.

त्याच्या घरी ना बारसं होतं, ना लगीन. पण चार सालांमागं गोंडपिपरीहून नदीच्या घाटापर्यंत भैयाजी शेठची मोटर सुरू झाली आणि मुखरूची रेंगी गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली, ती बसलीच. रेंगी म्हणजे आमच्याकडची हलकी, पळती बैलगाडी. त्याआधी बाजाराला, पाहुणपणाला, मार्कंड्याच्या जत्रेला निम्मं गाव तिच्यात बसायचं. मोटर आली आणि लोकांना एकाएकी घाई झाली. मुखरूच्या पोटाला काही कमी नव्हतं, धान चांगलं पिकायचं. सवाल मिशीचा होता. त्याची जोडी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळणारी, पाखऱ्या आणि मोरा. पटाच्या दिवशी त्यांना बघायला तीन गावची माणसं झाडावर चढायची. असली जोडी दारात असताना लोकांनी धूर सोडणाऱ्या डब्यात बसावं, हे त्याला काही केल्या गिळता येत नव्हतं.

त्यात दुखण्यावर डागणी अशी, की तो डबा हाकणारा लटारू म्हणजे त्याच्या बायकोचा, गुणाबाईचा, सख्खा भाऊ.

मोटर चिंचेखाली थांबली. लटारू बोनेट उघडून पाणी ओतत होता, तोवर मुखरू गुळाचा खडा घेऊन पुढं झाला.

"घे गा लटारू, तोंड गोड कर. तुयी मोटर मेली म्हणतेत."

"मरन काऊन, भाटवा?" बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे भाटवा म्हणतात. "पेट्रोल महागलं, म्हणून भाडं वाढलं. शेठ का पदरचं घालन?"

"माये बैल काल बी तणीस खात होते, आज बी तणीसच खाऊन राह्यले. त्यायनं नाई मांगतले बारा आणे!"

चिंचेखाली हशा झाला. लटारूनं गूळ तोंडात टाकला, पण तो त्याला गोड लागला नसावा. कारण पेट्रोल महागल्यापासून शेठनं त्याच्या हातात बांबूची एक कामटी दिली होती. तिला एक खाच होती. टाकीत कामटी बुडवायची, खाचेपर्यंत ओली झाली की एक जाणंयेणं. त्याच्या वर थेंब नाही. चार सालं मोटर हाकणारा माणूस आता रोज सकाळी टाकीत काठी घालून वैद्यासारखा नाडी बघत बसे.

"पण पेट्रोल महागलं कशानं?" कुणीतरी विचारलं.

मग काय, शालिकरामला तेवढंच पाहिजे होतं. हा मागच्या मोठ्या लढाईत फौजेत होता, इराकात लारी हाकून आला होता. तिथला खाकी कोट अजून अंगात होता आणि तिथल्या गोष्टी अजून तोंडात.

"तिकडं मिसरात एक नहर हाये. दोन दर्यांच्या मधातली. तिथी लढाई जुंपली, जहाजं बुडवून नहर बंद केली. विलायतेले तेल नेणारी जहाजं आता पुऱ्या आफ्रिकेले वळसा घालून जाऊन राह्यली."

"मंग जाऊ दे न. आपुन कुठी विलायतेले जातो?"

"अरे, गावातल्या साऱ्या गाड्या दूरच्या लग्नाले गेल्या, त बाजाराले जाले गाडी राह्यते का? एखादी उरली त ते दुप्पट मांगते. तसंच हाये. आपल्याकडं तेल आणाले जहाजंच उरले नाई."

हे मात्र सगळ्यांना पटलं. शालिकरामला जोर आला.

"आन मी होतो तिथी, बसऱ्याकडं, पेट्रोल पाण्यापरीस सस्तं! आमी काळे हात पेट्रोलनं धूत होतो. पाण्याच्या टाकीले मात्र बंदूकवाला शिपाई उभा."

"खोटं बोलून राह्यला!"

"बाप्पाची आन! जिथी जे भुईतून निघते, ते तिथी सस्तं. तिथी पेट्रोल निघते. आपल्याकडं बांबू निघते, आपुन त्याले विचारत नाई. तिथी मले दात कोराले काडी भेटे नाई."

"आपल्या भुईतून तणीस निघते," मुखरूनं मांडीवर थाप मारली. "म्हणून या मुलखात बैलच खरा! आयका रे सारे. यंदा शिवरातीले मार्कंड्याच्या घाटावर मी नेतो. चार आण्यात. आपल्या गावचं एक बी माणूस मोटरीत बसलं, त पाखऱ्या-मोरा पुन्हा पटात उतरवत नाई. आन नाई बसलं, त लटारू, तू मोटर सोडून माया रेंगीवर बसजो!"

"कबूल!" लटारू म्हणाला.

पट बंद म्हणजे मुखरूचा जीवच बंद. एवढी मोठी पैज आमच्या गावात आजवर कुणी लावली नव्हती. विहिरीवरून घागर घेऊन आलेली गुणाबाईही तिथं उभी होती. ती काही बोलली नाही.

आता तिचं सांगायला हवं. भाऊ मोटर हाकतो आणि बहीण एकदाही तिच्यात बसलेली नाही, असं आमच्या अख्ख्या भागात दुसरं घर नसेल. दर भाऊबीजेला लटारू ओवाळून घेताना म्हणायचा, "बाई, एक दिवस तरी मोटरीत बस व." आणि दर वेळी मुखरू ओसरीवरून ओरडायचा, "माया घरचं माणूस त्या डब्यात बसणार नाई!" मोटर गावातून जाताना भोंगा वाजला की गुणाबाई हातातलं काम टाकून दाराशी यायची, मोटर वळणाआड जाईपर्यंत बघायची, आणि मग पुन्हा कांडायला बसायची. मुखरूनं हे कधी पाहिलं नाही. त्या वेळी तो बैलांना कुरवाळत असायचा. पैजेच्या वेळी बायको गप्प राहिली, तेव्हा त्यानं ते कबुलीत धरलं. बायको गप्प म्हणजे राजी, असं समजणारे नवरे आमच्या गावात काही तो एकटाच नव्हता.

शिवरात उजाडली. माघाची थंडी अजून सकाळी बोटं आखडवत होती, पण रस्त्याकडेचे पळस लालभडक झाले होते. मुखरूनं बैलांची शिंगं रंगवली, गळ्यात घुंगुरमाळा घातल्या. त्याच्या मागं पोचूची आणि आणखी दोन गाड्या. बारा आण्यांच्या धाकानं सगळं गाव गाड्यांत चढलं. चिंचेखाली गाड्यांची इतकी दाटी झाली, की लटारूनं मोटर नेहमीच्या जागी न लावता तलावाच्या पाळीवर उतारालाच उभी केली, तिथंच कामटी घालून पाहिली आणि खूश होऊन पान खाल्लं.

"तुमी व्हा पुढं," गुणाबाई नवऱ्याला म्हणाली. "माया बेल तोडाचा राह्यला. मी येते मागून."

मुखरूला वाटलं, पोचूच्या गाडीत येईल. पोचूला वाटलं, नवऱ्याच्या रेंगीत गेली. आमच्या गाड्या घुंगरं वाजवत निघाल्या.

कन्हारीची काळी माती सुकून रस्त्यावर पिठासारखा फुफाटा झाला होता. कोसभर गेलो असू, मागून भोंगा आला. मोटर परगावच्या यात्रेकरूंनी खच्चून भरलेली. मुखरू मान वर करून मोजू लागला, की आपल्या गावचं कोणी आहे का. एक नाही, दोन नाही... आणि तिसऱ्या खिडकीत हिरवं लुगडं, कपाळावर आडवं कुंकू, मांडीवर बेलाची टोपली!

"गुणे!" तो किंचाळलाच.

गुणाबाईनं मान फिरवली नाही. पण ती हसत होती, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मोटर गेली, आणि तिच्या धुरळ्यात मुखरू कासरा धरून नुसता बसून राहिला.

"घरचा भेदी अन् लंका दहन," पोचू म्हणाला.

"चूप राह्य," मुखरू म्हणाला.  हातातला चाबूक त्यानं खाली ठेवून दिला. एरवी पाखऱ्याच्या पाठीवर थाप मारून तो गाणं म्हणायचा. आता तो नुसता त्याच्या शिंगांचा ताजा रंग बघत होता. या शिंगांना आता पटात कोण बघणार? मला खरंच त्याची दया आली.

पळसाचं वळण ओलांडलं आणि बघतो तर काय, मोटर रस्त्याच्या मधोमध उभी. गप्प. यात्रेकरू खाली उतरून कालवा करत होते. लटारू टाकीत कामटी घालत होता, काढत होता, पुसत होता, पुन्हा घालत होता. कामटी कोरडी ठक्क.

"सकाळी त खाचेच्या वर ओली होती!" तो रडकुंडीला आला होता.

शालिकराम आमच्या गाडीतून उतरला. "कुठी उभी करून पाह्यली होती?"

"पाळीवर."

"उताराले? मंग सारं पेट्रोल एकाच अंगाले गेलं न बाप्पा! तू काठी घातली त्याच अंगाले. फौजेत असता त तुले दोन दिस उनात उभा केला असता."

पेट्रोल मिळणार परत गोंडपिपरीला. घाट अजून कोसभर दूर. उपाशी माणसं, डोक्यावर चढतं ऊन. लटारूनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि शेवटी मुखरूच्या रेंगीपाशी येऊन उभा राहिला. अडला हरी म्हणतात, तसं.

"भाटवा, जोडी दे."

"माये बैल पेट्रोल पित नाई," मुखरू म्हणाला.

"घाटापर्यंत ओढून दे. शेठले कळलं त माई नोकरी जाईन."

"जाऊ दे. रेंगीवर बस."

"पैज तूच हारला न!"

हे बोलायला नको होतं. मुखरू ताडकन उठला, मोटरीपाशी गेला. सगळी मोटर रिकामी झाली होती. फक्त तिसऱ्या खिडकीत गुणाबाई, टोपली मांडीवर घेऊन, होती तशी बसलेली.

"उतर व."

"काऊन?"

"मोटर मेली. दिसत नाई? चाल, रेंगीत बस."

"मी नाई उतरत. मोहफुलं वेचून जमवलेले बारा आणे देल्ले हायेत घाटापर्यंतचे. घाटावरच उतरन."

"आन मोटर जागची हालली नाई त?"

"त बसून राहीन. चार सालं दारात उभी राहून पाह्यली. आज बसाले भेटलं."

ती हे रागानं म्हणाली नाही. साधंच म्हणाली.  इतकी सालं ती दारात उभी राहत होती, हे मुखरूला कुणी सांगितलंच नव्हतं.  तो खिडकीपासून परत फिरला आणि त्यानं पाखऱ्या-मोराला रेंगीतून सोडलं.

"दोर आन बे लटारू! पाहत काय राह्यला? पोचू, तुयी बी जोडी सोड!"

दोन जोड्या मोटरीला जुंपल्या, सुट्या झालेल्या रेंगी आणि गाडी मागच्या दोन गाड्यांना बांधल्या. पुढं मुखरू, मागून आम्ही पंचवीस-तीस माणसं रेटायला, आत चाक धरून लटारू. "हर हर महादेव!" मोटर एकदा कण्हली, आणि हलली! पटातले बैल ते. त्यांना मागं काय आहे याच्याशी काय देणंघेणं? पुढं रस्ता दिसला की झालं. आम्हाला रेटायचं सोडून मागं पळावं लागलं.

थोड्या वेळानं खिडकीतून हाक आली, "दादा, भोंगा वाजव न!"

लटारूनं रबरी भोंगा दाबला. त्याला पेट्रोल लागत नव्हतं. घुंगुरमाळा, भोंगा आणि महादेवाचा गजर, अशी आमची वरात घाटावर पोचली, तेव्हा जत्रेला आलेली माणसं देव सोडून आम्हाला बघायला धावली.

घाटावर पोचताच पैजेचा वाद उठला. लटारू म्हणाला, बाई मोटरीत बसली, तर मुखरू हरला. पोचू म्हणाला, बैलांनी ओढली ती गाडीच, मग हरलं कोण? दोघंही शालिकरामकडं बघायला लागले. पण गुणाबाई मोटरीतून उतरली होती. तिनं पदर खोचला.

"मले विचारा न. बसली त मी होती."

"सांग बाई," लटारू म्हणाला.

"अर्ध्या वाटंपर्यंत मोटर पेट्रोलवर चालली. मेला वास तो! हाडं खिळखिळी झाली, पोटात कालवलं. चार सालं मी याच्यासाठी दारात उभी राहत होती काय, असं झालं." लटारूचा चेहरा पडला. "मंग बैल जुंपले. हलत नाई, डुलत नाई, वास नाई, घुंगरं वाजून राह्यले. तवा कुठी मले मोटरीत बसल्यासारखं वाटलं."

सगळा घाट हसला. लटारू सगळ्यात मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "भाटवा, मोटर ओढणारी जोडी पटात नाई उतरवाची, त कोणाची उतरवाची? पैज फिटली!"  मुखरूनं मोराच्या मानेत तोंड खुपसलं. बैलाचा घाम पुसत होता की आपले डोळे, ते देव जाणे.

पुढं उन्हाळ्यात ती नहर मोकळी झाली म्हणे. पेट्रोल उतरलं म्हणे. मोटरीचं भाडं मात्र उतरलं नाही. मधे नवे पैसे आले, आणि बारा आण्यांचे सरळ पंचाहत्तर नवे पैसे झाले. मुखरूही लबाड. त्यानंही चार आण्यांचे सहा करून टाकले. का, म्हणून विचारलं, तर म्हणाला, बैलांची ढेप, म्हणजे पेंड, चांद्याहून मोटरीतून येते, ती महागली. म्हणजे गूळ वाटणाऱ्याचे बैलही शेवटी पेट्रोलच खात होते!

पण हे नंतरचं. त्या दिवशी देवदर्शन करून आम्ही परत निघालो, तेव्हा लटारू माणूस पाठवून पेट्रोल येण्याची वाट बघत मोटरीच्या सावलीत बसला होता. गुणाबाई रेंगीत चढली. मुखरूनं कासरा हातात घेतला, पण हाकलंच नाही. तो खाली मान घालून म्हणाला,

"गुणे, पुढच्या शिवरातीले बी मोटरीतच बसशीन का व?"

"बसन न," गुणाबाई म्हणाली. "तुमी जोडी घेऊन पळसाच्या वळणापाशी उभे राहा. तिथपर्यंत मी दम धरन."