ओल्या नळीची गोळी

झुवैनाची चुलत बहीण रय्या ईदसाठी मस्कतहून गावी आली ती तीन बॅगा, बदामी रंगाने रंगवलेली लांब नखं आणि एक पदक घेऊन. पदक शाळेच्या नेमबाजीचं होतं. ते तिने कुणाला दाखवलं नाही, फक्त बॅगेत सगळ्यात वर ठेवलं आणि बॅग दिवसभर उघडी टाकली. झुवैनाच्या मते हे दाखवण्यापेक्षाही वाईट होतं.

"शाळेतली बंदूक हवेवर चालते ना गं?" झुवैनाने विचारलं. "म्हणजे सायकलच्या पंपासारखी?"

"हो," रय्या हसून म्हणाली. "पण नेम पंपाने धरता येत नाही."

झुवैनाच्या अंगाचा तिळपापड झाला. उत्तर चांगलं होतं, आणि ते आपल्याला का सुचलं नाही याचाही राग आला तो वेगळाच.

पण पोटातलं खरं दुखणं पदकाचं नव्हतं, ते आजोबांच्या बंदुकीचं होतं.

आजोबांची बंदूक म्हणजे जुनी 'कनद' रायफल. इंग्रजांच्या फौजेने कधीतरी मोडीत काढली, आणि बाजारात हात बदलत बदलत आजोबांच्या वडिलांकडे आली. पोलादावर मुकुटाचा शिक्का अजून दिसायचा, त्याच्या खालचा आकडा मात्र हाताळून हाताळून गुळगुळीत झाला होता. दस्त्याच्या टोकाला पितळी झाकण, आणि त्याच्या आत तेलाची इवलीशी कुपी आणि नळी पुसायची दोरी. ती दोरी चार वर्षं झुवैनाच्या हातात होती. पितळी वजन बांधलेलं दोरीचं टोक मागून सोडायचं, पुढून ओढायचं, दोरीच्या फटीत अडकवलेलं फडकं नळीतून सर्रकन निघतं. आधी तेलाचं फडकं. नेम धरण्याच्या दिवशी मात्र त्यावर कोरडं फडकं फिरवायलाच हवं, कारण ओल्या नळीतली पहिली गोळी कुठे जाईल ते देवालाही सांगता येत नाही, आणि धूर निघतो तो निराळा. हे सगळं तिला आजोबांनी शिकवलं होतं. आणि ते म्हणायचे, "या म्हातारीची नाडी दोघांनाच कळते. मला आणि झुवैनाला."

तर अशा माणसाने ईदच्या दिवशी, सगळं घर ताटाभोवती बसलेलं असताना, शुव्याचा, खड्ड्यात भाजलेल्या मटणाचा, लुसलुशीत तुकडा रय्यापुढे सरकवत काय म्हणावं?

"उद्या पहिली गोळी रय्या मारेल."

झुवैनाने उचललेला घास परत ताटात ठेवला.

ही साधीसुधी गोळी नव्हती. ईदच्या दुसऱ्या दिवशी सगळं गाव वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीच्या, काठावर जमतं. पलीकडच्या कड्यावर चुन्याने रंगवलेला पांढरा दगड ठेवतात. गेल्या वर्षी मान ज्या घराचा, त्या घराने पहिली गोळी मारायची. दगड फुटला तर मान त्याच घरात राहतो, हुकला तर पुढच्या घराची पाळी. मान म्हणजे हलव्याचं पहिलं ताट, वर्षभर मजलिशीतली वरची जागा, आणि पुढच्या ईदला दगड कुठे ठेवायचा ते ठरवायचा हक्क. झुवैनाला कळायला लागल्यापासून हा मान आजोबांच्या घरात होता. खालच्या वस्तीतले मुहन्नाचाचा तो मिळावा म्हणून दरवर्षी दात ओठ खायचे आणि दरवर्षी हात हलवत परत जायचे.

"जद्दी," झुवैना आजोबांना कशीबशी म्हणाली, "मी म्हटलं होतं ना, मी मोठी झाले की..."

"तू अजून बंदूक धरलेली नाहीस, पोरी. नुसती पुसलीयस. आणि ही पाहुणी आहे. शिवाय तिला सराव आहे."

नुसती पुसलीयस! झुवैनाने त्या रात्री गादीवर पालथं पडून हे शब्द पुन्हा पुन्हा चावले. शेजारी रय्या शांत झोपली होती. तिची नखं अंधारातही चमकत होती. निदान झुवैनाला तसं वाटलं.

सकाळी आजोबा मशिदीत गेले, तेव्हा झुवैना नेहमीप्रमाणे बंदूक घेऊन ओसरीवर बसली. झाकण उघडलं. तेलाचं फडकं ओढलं. मग कोरडं फडकं हातात घेतलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि घडी घालून ते आपल्या खिशात ठेवलं. वर, कोणी बघत नाहीये असं पाहून, कुपीतलं आणखी थोडं तेल फडक्यावर घेऊन नळीतून ओढलं. गोळी जाईल आभाळात. गाव हसेल. रय्याबाई मस्कतला परत जातील आणि पदक बॅगेच्या तळाशी घालतील. झालंच तर मान जाईल, पण तो रय्यामुळे गेला असं सगळे म्हणतील. झुवैनाला हे इतकं बरोबर वाटलं की तिने गुणगुणायलाही सुरुवात केली.

वादीच्या काठावर बाभळीच्या सावलीत बायका थर्मासातून कॉफी ओतत होत्या. पुरुष खंजीर खोचून, डोक्याला मसार नीटनेटके बांधून रांगेत उभे होते. रय्या पुढे झाली. आजोबांनी बंदूक तिच्या हातात ठेवली, आणि तेवढ्यात खालच्या वस्तीच्या घोळक्यातून त्यांना हाक आली.

"अबू सालिम! हे काय बघतोय मी?"

मुहन्नाचाचा हाताची घडी घालून पुढे आले. "पोरींनी बंदूक चालवायला माझी ना नाही. माझ्या दोन पोरी माझ्यापेक्षा बऱ्या मारतात, बायको तर विचारूच नका, ती चप्पल मारते तीही चुकत नाही. पण पहिली गोळी घरच्या वडीलधाऱ्याची. आपल्या आजोबांपासून तसंच आहे. तुमचा हात थरथरत असेल तर तसं सांगा, आम्ही समजून घेऊ."

लोक हसले. आजोबांची पांढरी दाढी ताठ झाली. "हात थरथरतो? माझा?" त्यांनी रय्याकडून बंदूक परत घेतली. "दुसरी गोळी तुझी, रय्या. ही पहिली या मुहन्नाच्या नावाने."

झुवैनाच्या तोंडचं पाणी पळालं. कोरडं फडकं तिच्या खिशात होतं. हात खिशात गेला, फडक्यावर मिटला. 'जद्दी, थांबा.' एवढंच म्हणायचं होतं. पण मग का ते विचारलं असतं. सगळ्यांसमोर, रय्यासमोर! तोवर आजोबा गुडघ्यावर बसले, दस्ता खांद्याला लावला, श्वास सोडला.

आवाज कड्यावर आपटून परत आला. बंदुकीच्या तोंडातून पांढरा, दाट धूर निघाला. पलीकडे दगडाच्या कितीतरी वर माती उडाली. पांढरा दगड जसाच्या तसा, जणू हसत बसला होता.

वादीत बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या ऐकू आल्या.

आजोबांनी खिट्टी मागे ओढून रिकामं काडतूस बाहेर काढलं. ते उचलून नाकाजवळ नेलं. मग बंदुकीच्या तोंडाशी बोट फिरवून बघितलं. बोट चकाकत होतं. त्यांनी मान वळवली, बायकांच्या घोळक्यात नेमकी झुवैना शोधली, आणि तिच्याकडे असं पाहिलं की झुवैनाला वाटलं, आपण अख्ख्या गावासमोर फुटलो, त्या दगडाच्या जागी.

पण त्यांनी तोंड उघडलं ते भलत्याच कारणासाठी.

"वय झालं," आजोबा मोठ्याने म्हणाले. "डोळा गेला माझा. तुझी पाळी, मुहन्ना."

मुहन्नाचाचांनी आपली बंदूक उचलली आणि एकाच गोळीत दगड फोडून चुना उडवला. खालच्या वस्तीने एकच गलका केला. कोणीतरी ढोल सुरू केला. चाचा आनंदाने लाल झाले आणि आजोबांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "आता ही म्हातारी भिंतीवर टांगा, अबू सालिम. दिसत नाही त्याने जपमाळ ओढावी, बंदूक नाही."

आजोबा हसले. हसताना त्यांचा खांदा लहान दिसला. "खरं आहे. पुढच्या ईदपासून मी सावलीत बसणार. आमच्या घराकडून रय्या उभी राहील."

रय्या! झुवैनाच्या छातीत दोन गोष्टी एकदम उसळल्या. एक तर हे सारं रय्याच्या पदरात पडणार. आणि दुसरं, आजोबा आपल्यासाठी खोटं बोलतायत, आणि त्या खोट्याची किंमत म्हणून आपली बंदूक देऊन टाकतायत. यातलं कुठलं जास्त जळत होतं ते तिला तेव्हा कळलं नाही. पाय मात्र निघाले होते.

"डोळा नाही गेला!" ती पुरुषांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. खिशातून फडकं काढून तिने वर धरलं. "नळी ओली होती. मी मुद्दाम कोरडं फडकं फिरवलं नाही. वरून जास्त तेल घातलं."

"का गं?" मुहन्नाचाचांनी विचारलं. खरंच विचारलं, चेष्टेत नाही.

झुवैनाने रय्याकडे पाहिलं. आता काय लपवायचं. "तिची गोळी चुकावी म्हणून."

बाभळीखाली कोणाच्या तरी हातातला कॉफीचा पेला खाली पडला. रय्याने भुवया वर केल्या. मग ती म्हणाली, "एवढं तेल? माझ्यासाठी? थोड्या तेलानेही चुकली असती, वेडे."

कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. झुवैनाला रडावं की तिच्या झिंज्या धराव्यात कळेना.

मुहन्नाचाचा मात्र विचारात पडले होते. "नळी तुमची, तेल तुमचं, पोर तुमची," ते म्हणाले. "तेव्हा चुकलेली गोळीही तुमची, अबू सालिम. मान आमचा. पण डोळा शाबूत असेल तर पुढच्या वर्षी यायचं. आंधळ्याला हरवून हलवा गोड लागत नाही हो."

"येतो," आजोबा म्हणाले. त्यांचा खांदा पुन्हा मोठा झाला. "आणि तुझ्या दारातून ताट घेऊन जातो."

आजोबांच्या बंदुकीची दुसरी गोळी रय्याने मारली. आता नळी कोरडी होती, पहिल्या गोळीने तेल जाळून टाकलं होतं. दगडाचा उरलेला कोपराही उडाला. बायकांनी आनंदाने आरोळी दिली. झुवैनाच्या तोंडूनही एक आरोळी निघाली, पण ती जेमतेम अर्धी होती.

संध्याकाळी आजोबांनी दोघींना ओसरीवर बसवलं, मध्ये बंदूक. "हलवा खालच्या वस्तीत गेला," ते म्हणाले, "म्हणून तुम्हाला खजूर." मग झुवैनाकडे वळून, "पुढच्या वर्षभरात नेम तू शिकशील. तिच्याकडून. आणि पुसायचं ती शिकेल. तुझ्याकडून. आत्ता."

"हिला?" झुवैना म्हणाली.

"हिलाच."

झालं. शिकवावं लागलं. झुवैनाने झाकण उघडलं, दोरी काढली, आणि शक्य तितक्या भरभर सांगितलं, म्हणजे रय्याला लक्षात राहायला नको. पण रय्याच्या सगळं लक्षात राहिलं. तिने फडकं असं अलगद ओढलं की आजोबांनी मान डोलावली. ती मान आजवर फक्त झुवैनासाठी डोलायची.

"झालं?" रय्याने विचारलं.

झुवैनाने दोरी गुंडाळायला घेतली. एक गोष्ट राहिली होती. दोरीचं फडकं नळीच्या मागच्या टोकाला, गोळी बसते त्या घरात, नीट पोचत नाही. तिथे फडकं करंगळीला गुंडाळून फिरवावं लागतं. तिथे तेल राहिलं की सगळं मुसळ केरात. ही युक्ती तिची होती, आजोबांनाही तिनेच सांगितली होती. ही एक तरी आपल्याकडे राहू दे. एवढीशी तर आहे.

आजोबा खजुराची बी हातात फिरवत तिच्याकडे बघत होते.

"नाही," झुवैना म्हणाली. दातांतून म्हणाली, पण म्हणाली. "मागच्या घरात करंगळी फिरवायची. फडकं गुंडाळून. अशी."

रय्याने करून बघितलं. फडकं आत गेलं, पण लांब बदामी नख खटकन कडेला अडलं.

"नखाने होणार नाही," झुवैना म्हणाली, आणि तिला दिवसभरात पहिल्यांदा बरं वाटलं. ही नखं रय्या जीव गेला तरी कापायची नाही. मस्कतला तिने त्यांच्यावर महिने घालवले होते.

रय्याने बोटाकडे पाहिलं. मग उठून आत गेली, नेलकटर घेऊन आली, आणि तोंड जरासुद्धा वाकडं न करता करंगळीचं नख उडवून टाकलं.

झुवैनाला त्याचाही इतका हेवा वाटला की तिने खजुराचं सगळं ताट आपल्याकडे ओढून घेतलं.