जात्याच्या खुंट्यावरची लाल बोटं

मी खुंटा बोलतुया. जात्याचा. जातं न्हाई बरं का, नुसता खुंटा. हळदकुकू जात्याला, गाणी जात्याला, आन् माझ्या वाट्याला नुसता घाम. पर बाईचा हात माझ्यावर आसतो. तोंडानं माणूस काय बी सांगतं, हाताला खोटं बोलाया येत न्हाई. म्हनून घरातलं सगळ्यात आधी मला कळतं.

नाथाजी सुतारानं मला बाभळीच्या फांदीतनं तासला आन् शिराळ्याजवळच्या एका वाडीत बनाबाईच्या जात्यात ठोकला. मी मधीच ढिला व्हायचो. मुद्दाम. मग बनाबाई दगड घिऊन मला ठोकायची आन् नाथाजीच्या सात पिढ्या काढायची. सकाळी सकाळी तेवढीच करमणूक.

गावात गिरनी आली तरी बनाबाई जातं सोडंना. म्हनायची, "गिरनीचं पीठ करपट लागतंय." खरी गोष्ट येगळीच. गिरनीत सून गेली तर चार बायकांत बोलत बसंल, ह्येचं तिला भ्या.

सून म्हंजी आक्काताई. नवरा जोतीराम पलटनीत, वरसातनं एकदा घरी यायचा. आक्काताईचा हात लय ग्वाड. घट्ट धरायची, पर आवळायची न्हाई. पायलीभर जुंधळं दळून झालं तरी मूठ ढिली पडायची न्हाई.

लढाई संपून दोन-तीन वर्सं झाली आसतील. त्या उन्हाळ्यात तिची मूठ मिटंनाशी झाली. पहाटं मला धराया आली की बोटं सुजल्याली, गरम, लाकडावानी ताठ. आन् दोनी हातांची सारकीच, जनू एका हातानं दुसऱ्याचं बघून केलंय. ऊन ओसरीवर यीस्तवर तशीच. मग हळूहळू मोकळी व्हायची.

बनाबाईचं गुडगं बी दुखायचं, पर तिचं उलटं. दीसभर राबली की सांजंला ठणकायचं, निजून उठली की बरं वाटायचं. हिचं निजून उठल्यावरच वाईट. दोगींचं दुखनं येगळं हाय, ह्ये मला कवाच कळलं हुतं. पर खुंट्याला इचारतंय कोन?

आक्काताई वाळत चालली. अंगात बारीक ताप. चुलीम्होरं बसल्या बसल्या डोळा लागायचा. बनाबाई म्हनायची, "ही बया निजायाच आलीया आमच्यात."

बेंदराच्या दिशी आक्काताईनं जुन्या लुगड्याची चिंधी फाडली आन् माझ्याभवती गुंडाळली. मी जाडजूड झालो. जाड झाल्यावर तिला मूठ पुरती मिटावी लागंना, तेवढंच बरं. बनाबाई गोठ्यात बैलांची शिंगं रंगवत हुती. लेक पलटनीत, मग रंगवनार कोन? पुरनपोळीचं दळण झालं का बघाया ती आत आली आन् मला बघून हसली.

"खुंट्याला लुगडं नेसवलंस व्हय गं? आता काकनं बी भर त्येला!"

आन् शिंगांच्या हुरमुंजानं लाल झाल्याला हात तिनं माझ्या चिंधीलाच पुसला. पाची बोटं उमटली. बैलाआधी मीच रंगलो.

पुढं तीन आठवड्यांनी नागपंचमी. त्या दिशी आमच्याकडं चिरत न्हाईत, तळत न्हाईत, तवा ठेवत न्हाईत, जात्याला हात लावत न्हाईत. माझी वरसाची सुट्टी. पर जोतीराम नेमका त्याच दिशी रजेवर आला, आन् संगं दोन जवान, शिराळ्याची पंचमी बघाया. पुरनाची दिंडं उकडायची, त्येंची कनीक कमी पडली. आक्काताईनं दार लोटलं आन् दोन मुठी गहू दळलं. घरघर बनाबाईनं ऐकली. पावन्यांम्होरं गप बसली.

आठ दिसांनी आक्काताईची मनगटं टम्म सुजली. घागर हातातनं सुटली, फुटली. मग बनाबाईचं तोंड उघडलं.

"नाग कोपला! पंचमीला जातं फिरवलं हिनं. आता पाच वरसं पंचमी धरायची, दर सोमवारी वारुळाला जायाचं. तवर औषिद घ्यायचं न्हाई, न्हाईतर कोप वाढतोय. आन् तवर ऱ्हायाचं म्हायेरी."

गावात बी पसरलं. आक्काताईच्या हातचं पानी कोन घेईना.

"आये, मिरजंला दाखवू की," जोतीराम म्हनला.

"तुला रजा किती ऱ्हायली? बारा दीस. तू जाशील निघून. कोप झाला तर म्या निस्तरायचा!"

लढाईत उभा ऱ्हायल्याला गडी आईम्होरं मान खाली घालून बसला. आक्काताईचं गठुडं बांधून झालं. उजव्या हाताची दोन बोटं बाजूला कलाया लागली हुती. पाच वरसं अशीच गेली आसती तर तो हात परत कशावर मिटला नसता.

गठुडं दारात, तवा शेजारची अंबूबाई आली. हिला कुनाच्या बी घरात नाक खुपसाया लागतं, पर त्या दिशी त्येचा उपेग झाला.

बनाबाईनं मला जात्यातनं उपसला आन् तिच्या नाकाम्होरं नाचवला. "ह्यो बघ! ह्येला हात लावला तिनं पंचमीला! लावला आन् बोटं सुजली!"

अंबूबाईनं डोळं बारीक केलं. "आगं बने, ह्येला चिंधी कशापाय?"

"हिला धराया येत न्हाई. बोटं दुखत्यात म्हनं."

"कवापास्नं हाय?"

"मला काय ठावं!"

"मग ही लाल बोटं कुनाची गं? हुरमुंज हाय ह्यो. तुझ्या गोठ्यात हुरमुंज बेंदराला निघतोय का पंचमीला?"

बनाबाईनं मला उलटापालटा केला. लाल खुणांवर सोताची बोटं ठेवून बघितली. बरुबर बसली. करंगळी तिची वाकडी, ती बी बसली.

"आत्याबाई," आक्काताई हळूच म्हनाली, "बेंदराला तुमीच पुसलासा हात."

मग अंबूबाई म्हनली, "तीन आठवडं आधी कोपला व्हय गं नाग? लयच घाई झाली बिचाऱ्याला!"

बनाबाईला हसू आलं न्हाई. मला तिनं कोनाड्यात ठेवला. जोतीरामाकडं न बघता म्हनली, "शिराळ्याची पयली यष्टी कितीला हाय रं?"

चौथ्या दिशी दोगं मिरजंहून परत आली. जोतीराम उंबऱ्यात बसून सांगत हुता, म्या कोनाड्यातनं ऐकलं.

"आये, डाक्टरनं पयलं काय इचारलं म्हाईत हाय? सकाळी उठल्यावर बोटं किती येळ आखडत्यात. ही म्हनली, ऊन ओसरीवर यीस्तवर. मग त्येनं बोटं दाबली, रगत काडलं. आपल्या अंगात म्हनं फौज आसती, रोगाशी लढाया. हिची फौज हिच्याच सांध्यांवर गोळ्या घालतीया."

"आपल्याच मानसावर?"

"आये, आघाडीवर पहाऱ्याचा गडी कवाकवा आपल्याच गड्याला दुश्मन समजतोय. म्या बघितलंय. ही फौज आशी का फिरती, त्ये डाक्टरास्नी बी नीट ठावं न्हाई. पर हिचा गुन्हा न्हाई, कुनाचा कोप न्हाई, आन् एकाचं दुसऱ्याला व्हत न्हाई. पुरतं बरं व्हईल आसं न्हाई म्हनला. कवा भडकंल, कवा उतरंल. पर आनखी उशीर झाला आसता तर बोटं गेली आसती."

गोळ्या आल्या, जेवल्यावर घ्यायच्या. आठवड्याला एक सोन्याची सुई, म्हंजी औषिदातच खरं सोनं, आन् मधनंमधनं लघवी-रगत तपासायचं. अंबूबाईनं गावभर केलं, "बायका सोनं अंगावर घालत्यात, आमची आक्काताय अंगात घालती!" आन् सगळ्यांदेखत तिच्या हातचं तांब्याभर पानी प्याली.

डाक्टरनं दळण बंद केलं. आता डबा गिरनीत जातो, न्हेते बनाबाई. चार बायकांत बोलत बसते, तासभर येत न्हाई.

माझी नोकरी गेली. जात्यावर आता कोंबडी बसती. पर डाक्टरनं सांगितलंय, काय तरी जाड, मऊ धरून मूठ मिटायची, उघडायची. म्हनून रोज सकाळी ऊन पाण्यात हात शेकून आक्काताई मला हातात घेती. कवा दहा येळा मिटती, कवा दोनदाच. दोन बोटं कलल्याली ती कलल्यालीच. पर ऊन उंबऱ्यात यायच्या आत मूठ मिटती आता.

तुमच्यात कुनाची बोटं सकाळी अशी आखडत आसतील, दोनी हातांची, तर वारूळ शोधत बसू नगा. नागाला दुसरी कामं हायती.

औंदा बेंदराला चिंधी पार इरली हुती. आक्काताईनं नवी गुंडाळली, पांढरी. गोठ्यातनं बनाबाई आली, दोनी हात लाल. बादलीभर पानी दारातच ठेवलं हुतं. तिनं बादली वलांडली, मला उचलला, आन् पाची बोटं नीट, एकेक करून पुसली.

"आवं आत्याबाई, नवी हाय की चिंधी!"

"आसू दे," बनाबाई म्हनली. "खूण आसावी."