बसल्या उंचीवरून

महिन्याच्या पहिल्या तारखेला लेकीचा मेसेज आला रे आला, की घड्याळवाले तिसऱ्या मजल्यावरून थेट माझ्या दारात. चहासुद्धा घ्यायचे नाहीत आधी. "बाई, शब्द आले!" असं ओरडायचे, की समोरच्यांना वाटावं यांना लॉटरीच लागली.

हा खेळ त्यांच्या लेकीने काढलेला. ती दुसऱ्या शहरात एका इस्पितळात एक्स-रे काढते. चाळिशी उलटली तरी बाप तिला चिंगी म्हणतो, म्हणून मीही तेच म्हणते. तर ही चिंगी दर महिन्याला घरच्या ग्रुपवर पाच शब्द टाकते, आणि प्रत्येक शब्द असा की त्याला एकाहून जास्त अर्थ. महिना संपायच्या आत प्रत्येकाने एकेका शब्दाचा एकेक फोटो पाठवायचा. फोटो त्याच महिन्यातला हवा आणि स्वतः काढलेला हवा. एकाच अर्थाचा फोटो दोघांनी पाठवला तर दोघांनाही भोपळा. म्हणजे 'काटा' आला की सून जेवणाचा काटा पाठवणार, नात गुलाबाचा, आणि जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले आजोबा घड्याळाचाच पाठवणार, असं सगळे धरून चालले होते. आजोबांनी पाठवला भंगारवाल्याच्या वजनकाट्याचा. चिंगीने ओळभर टाळ्या पाठवल्या.

तो फोटो मी काढला होता.

लबाडी म्हणायची तर म्हणा. मी जन्मभर शाळेत मुलींना कवायत शिकवली आहे, वर्गच्या वर्ग एका शिट्टीवर सरळ रांगेत उभे केलेत, तेव्हा मला कोणी नियम शिकवायला येऊ नये. या खेळामागे काय होतं ते आधी ऐका. घड्याळवाल्यांची बायको गेली तेव्हा चिंगी त्यांना आपल्याकडे न्यायला निघाली होती. हे हटून बसले. खिडकीपाशी त्यांचं कामाचं टेबल आहे, चिमटे आहेत, भिंगं आहेत, ते सोडून कुठे जायचं? शेवटी बापलेकीत तोड निघाली. चिंगी म्हणाली, "बरं, राहा. पण दर महिन्याला घराबाहेर पडायचं आणि फोटो पाठवायचे. ते नीट येतायत तोवर मी ब्र काढणार नाही. नाही आले, तर गाडी घेऊन येईन."

आणि पहिल्याच महिन्यात गृहस्थ फोन घेऊन तळमजल्यावर माझ्या दारात उभे. तोवर आमची ओळख लिफ्टपाशी हसण्यापुरतीच होती.

"बाई, जरा बघता का? दोष माझ्या चष्म्याचा आहे की फोनचा?"

फोटोत बहुतेक झाड होतं. वाऱ्यावर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं सगळं हललेलं. मी फोनकडे पाहिलं, चष्म्याकडे पाहिलं, आणि मग त्यांच्या हातांकडे. त्यांच्या ते लक्षात आलं. फोन माझ्या मांडीवर ठेवून त्यांनी दोन्ही हात झटकन पँटच्या खिशात घातले. ज्या हातांनी केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या, ते हात थरथरत होते. लोकांनी विश्वासाने आणून दिलेली घड्याळं वर टेबलावर तशीच पडून होती, हे मला पुढे कळलं.

"चिंगीला कळलं तर उचलून नेईल," ते म्हणाले.

"आणा तो इकडे," मी म्हणाले. "कुठलं झाड?"

झाड कोपऱ्यावरचं. आता माझ्या खुर्चीला चाकं आहेत. मणक्याच्या ऑपरेशननंतर पाय नुसते शोभेला उरलेत. दंड अजून भक्कम आहेत, पण फुटपाथच्या कडेपुढे दंडांचं काही चालत नाही. सकाळी कामाला बाई येते, सुट्टीच्या दिवशी भाची डोकावते, बाकी खिडकी आणि मी. त्या दिवशी घड्याळवाल्यांनी खिशातून हात काढून माझ्या खुर्चीच्या मुठी धरल्या. गंमत म्हणजे, मुठी घट्ट धरल्या की ते हात हलायचे थांबले. आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो. मी झाडाचा फोटो काढला. परत येताना मला रडूच येत होतं, पण मागे परका माणूस, म्हणून आवरलं.

तेव्हापासून ते शोधायचे आणि मी फोटो काढायची. शोधण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. 'चूक' शब्द आला तेव्हा मला वाटलं, आता कोणाची तरी गणिताची वही धुंडाळावी लागणार. यांनी माझी खुर्ची नेऊन उभी केली बूट दुरुस्त करणाऱ्यासमोर. तो ओठांत बारीक चुका धरून एकेक टाचेत ठोकत होता. आमचं भांडण मात्र अखंड चालायचं.

"जरा डावीकडे घ्या."

"डावीकडे कचऱ्याचा डबा येतोय."

"मग उजवीकडे."

"अहो, फोटो मी काढतेय की तुम्ही?"

'मान' शब्दाला आम्ही शिंप्याच्या दुकानाच्या काचेसमोर थांबलो. काचेआड कोट घातलेला पुतळा होता, मानेपर्यंतचाच. मी फोन सरसावला आणि सहज म्हणाले, "मान आहे, डोकं नाही. आमच्या मुख्याध्यापिका अश्शाच होत्या." त्यावर हे इतके हसले की माझी खुर्ची गदगदा हलायला लागली. मी ओरडले, "स्थिर! फोटो हलतोय!" तर आणखीच हसले. त्या फोटोला भोपळा मिळाला, कारण सुनेनेही मानेचाच पाठवला होता. आम्ही सुनेला आठवडाभर नावं ठेवली.

असं छान चाललेलं असताना, एका महिन्याच्या मध्यावर, घड्याळवाले खाली आले ते तोंड पाडून. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. चिंगीने लिहिलं होतं, "बाबा, एक विचारू? तुमचे सगळे फोटो बसल्या उंचीवरून का असतात? दुकानांची टेबलं तुमच्या डोळ्यांच्या वर दिसतात, दाराच्या कड्या खालून दिसतात. तुम्ही पडलात का? चालता येत नाहीये का? खरं सांगा."

"दिवसभर लोकांची हाडं बघते हो ती," ते म्हणाले. "आपण विसरलोच."

खरंच विसरलो होतो. ते वस्तू बघायचे, फोटो निरखून बघायचेच नाहीत. आणि मला तर जग कित्येक वर्षं त्याच उंचीवरून दिसतंय, मला त्यात काय वेगळं वाटणार?

मग आमचे उद्योग सुरू झाले. ते भिंतीला कोपर टेकवून स्वतः फोटो काढून बघत होते, सगळे हललेले. मी छत्रीच्या दांड्याला फोन बांधून वर धरला; त्यात आलं आकाश आणि यांचा एक कान. शेवटी मी छत्री खाली टाकली.

"सांगून टाका लेकीला. हात थरथरतात म्हणावं. त्यावर डॉक्टर असतात, औषधं असतात."

"तुमचं काय जातंय सांगायला?" ते एकदम भडकले. "तुम्हाला कुठे कोणी न्यायला बसलंय!"

लागलं मला ते. "खरंय," मी म्हणाले. "मला कोणी न्यायला बसलेलं नाही. मला नेता ते तुम्हीच, तेही कोपऱ्यापर्यंत. तुम्ही गेलात की मी पुन्हा खिडकीत. म्हणजे गप्प बसण्यात माझाच फायदा आहे, कळतंय का? तरी सांगतेय."

हात खिशात घालून ते लिफ्टकडे गेले.

त्यानंतर ते खाली आलेच नाहीत. मीही फोन केला नाही. अडलंय माझं खेटर! असं मी दिवसातून दहादा म्हणत होते आणि लिफ्ट वाजली की कान टवकारत होते. महिना संपत आला. त्या महिन्यातला 'बाक' शब्द तसाच राहिला होता, आणि समोरच्या बागेतला बाक मला खिडकीतून दिसत होता.

एका दुपारी बेल वाजली. दारात एक बाई उभी, खांद्याला पिशवी, कान थेट घड्याळवाल्यांसारखे, मोठे आणि बाहेर आलेले.

"काकू, मी चिंगी. आत येऊ?"

तिच्यामागे, फाटकाबाहेर, गाडी उभी होती.

ती माझ्यासमोर बसली. "वर जायच्या आधी तुम्हाला भेटायचं होतं. बाबांनी मला उत्तरच दिलं नाही. मग मी त्यांचे सगळे जुने फोटो मोठे करून बघायला बसले. कामाची सवय. त्यात हा सापडला. खाली फाटकावर दाखवला, तर त्यांनी तुमचं दार सांगितलं."

एक्स-रे ठेवतात तसल्या मोठ्या पाकिटातून तिने एक छापलेला फोटो काढला. शिंप्याची काच होती. काचेआड तो बिनडोक्याचा पुतळा, आणि काचेवर, कोटाच्या बटणांवरून, आम्ही दोघं. मला आधी दिसले घड्याळवाले. डोळे मिटलेले, तोंड उघडं, खुर्चीच्या मुठींवर वाकून हसत होते. त्यांच्यापुढे एक बाई होती. भुवया चढवून, फोन रोखून कोणाला तरी झापत होती. भलतीच ऐटदार बाई. ती मी आहे हे कळायला मला एक क्षण लागला, कारण ऑपरेशननंतर मी कोणाला माझा फोटो काढू दिलेला नाही. खुर्ची मला सगळ्यात शेवटी दिसली.

"आई गेल्यापासून मी बाबांना हसताना पाहिलं नव्हतं," चिंगी म्हणाली. "मला वाटलं, ते आता नाहीच हसणार." आणि ती रडायला लागली. मी तिला रडू दिलं. मग शाळेतल्यासारखं विचारलं, "रुमाल आहे का जवळ?" तशी ती रडता रडता हसली.

"हात थरथरतात ना त्यांचे?" तिने नाक पुसत विचारलं. "मेसेजमध्ये एकेक अक्षर तीन-तीनदा येतं. मला अंदाज आहे."

मी मान हलवली. आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. "नेणार आहेस त्यांना?" मी सरळच विचारलं.

"आज डॉक्टरकडे नेणार. इथल्या एका चांगल्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवलीय. पुढचं त्यांच्यावर आहे, काकू. थरथर चालेल मला. पण ते माझ्यापासून लपवणार असतील, तर मी तिकडे लांब बसून निश्चिंत कशी राहू? मी वर जाऊन फक्त विचारणार, कसे आहात. त्यांनी आपणहून सांगितलं तर राहू देत इथेच. नाही सांगितलं, तर सामान भरेन." ती उठली आणि दारात थांबली. "तुम्ही त्यांना फोन करू नका हं."

ती लिफ्टने वर गेली. फोन माझ्या मांडीवरच होता. एक शब्द कळवला असता तर काम झालं असतं. "सांगा" एवढंच. मी फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. मुलींना परीक्षेत कधी उत्तर सांगितलं नाही, पण तेव्हा माझा जीव असा टांगणीला लागलेला नसायचा. शेवटी फोन उशीखाली सारला आणि त्या उशीला टेकून बसले.

कितीतरी वेळाने लिफ्ट वाजली. मी खुर्ची दारापर्यंत नेली. आधी चिंगी बाहेर आली. तिच्या हातात सामान नव्हतं. मागून घड्याळवाले आले, आणि मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. मी हात पाहिले. दोन्ही हात खिशाबाहेर होते, उघड्यावर, सगळ्यांसमोर थरथरत होते.

"दाखवले," ते म्हणाले. "दार उघडलं आणि तिने तोंड उघडायच्या आत दाखवले. बाई, तुम्हीच म्हणाला होतात ना, सांगून टाका." मग खाली बघत म्हणाले, "त्या दिवशी फार वाईट बोललो मी."

"बोललात खरे," मी म्हणाले. आणि लगेच ओरडले, "मग आता उभे काय राहिलात? डॉक्टर वाट बघत बसणारेत का?"

"तुम्हीही चला, काकू," चिंगी म्हणाली. "बाबा डॉक्टरांना सगळं ठीकच आहे म्हणून सांगतील. आणि खेळाचा नियम मी बदललाय. फोटो दोघांनी मिळून काढला तरी चालेल. पण महिन्यातून एक बाबांनी एकट्याने, स्वतःच्या हाताने काढायचा. हलला तर हलला."

"आत्ता काढू?" घड्याळवाल्यांनी विचारलं, आणि कोणी हो म्हणायच्या आत फोन माझ्यावर रोखला. फोन त्यांच्या हातात नाचत होता. मी नेहमीप्रमाणे तोंडावर हात नेला, आणि मग खाली घेतला.

फोटो तसाच आला. मला दोन नाकं, खुर्चीला चार-पाच चाकं, आणि मागे आमचं दार वितळल्यासारखं.

"पाठवू का ग्रुपवर?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"पाठवा," मी म्हणाले. "पण पुढच्या वेळी आधी सांगा. जरा केस विंचरून बसते."