शिरपूरची सवारी

धुळ्याच्या टॅक्सी स्टँडवर कादरभाईचा मोठा लौकिक होता. कुणी अपंग, म्हातारी, आजारी सवारी आली की हा गडी विचारायचासुद्धा नाही. सरळ उचलायचा आणि सीटवर नेऊन ठेवायचा. लोक वाखाणत आणि तो मिशीतल्या मिशीत हसत असे.

एकाहत्तरच्या जूनमध्ये कापडवाले चंपालाल शेठ लेकीला, राजकुंवरला, घेऊन स्टँडवर आले. लहानपणीच पोलिओने तिचे दोन्ही पाय अधू झालेले, काखेत कुबड्या. शिरपूरच्या शाळेत बाई म्हणून तिला हजर व्हायचं होतं. सोबत निघालेल्या शेठनी घरीच बजावलं होतं, "वाटेत कुणाला तुला उचलावं लागलं, तर तिथूनच परत. परगावी रोज कोण उचलणार?"

कादरला हे काय ठाऊक! स्टँडवरून निघायचा नंबर त्याच्या गाडीचा होता. शेठ आत बसले आणि हा बाह्या सरसावून पुढे झाला.

"हात लावू नका, कादरभाई!" राजकुंवर ओरडली. "तुम्ही उचललंत की माझी नोकरी गेली. बापूजींची अट आहे."

कादरला रागच आला. चांगलं करायला जावं तर ही पोरगी खेकसते! पण तिचे भरलेले डोळे पाहून तो वरमला.

"मग मी काय करू, ताई?" सवारीला असं त्याने जन्मात कधी विचारलं नव्हतं.

"गाडी त्या हॉटेलच्या ओट्याला लावा. अगदी चिकटून."

मागेपुढे करत कादरने गाडी ओट्याला भिडवली. राजकुंवर ओट्यावर टेकली, सरकत सीटवर आली आणि एकेक पाय हातांनी आत घेतला. घामाघूम झाली, पण बसली. कादरचे हात नुसते शिवशिवत होते. त्याने ते पाठीमागे धरून ठेवले.

आत इतर उतारूंबरोबर दाटीवाटीने बसलेला कौतिक नावाचा शेतकरी कुबड्या पाहून कुरकुरला, "टपवर बांधी दे ना भो! आम्हले टाइम व्हई राहिना."

"अन् ताई उतरतील कशा? कुबड्या आतच राहतील," कादर उसळला. पण जागा होती कुठे?

तेवढ्यात शेठ दार उघडून खाली उतरले. राजकुंवरने घाईने खिडकीतून मान बाहेर काढली.

"बापूजी, मला कुणीसुद्धा उचललं नाही!"

"तेच बघत होतो." शेठनी कुबड्या कादरच्या हातात दिल्या. "कादरभाई, कुबड्या माझ्या जागेवर ठेवा."

"आणि तुम्ही, शेठ?"

"मला दुकान उघडायचंय. आधीच उशीर झाला."

राजकुंवर रडता रडता हसू लागली. आणि कादरने स्टँड दिसेनासा होईपर्यंत भोंग्यावरचा हात काही काढला नाही.