अर्ध्यावर मोडलेला संघ

१९५५ साली पिंपरीच्या पेनिसिलिन कारखान्यात वॉल्टर नावाचा अमेरिकन इंजिनिअर आला होता. रोज संध्याकाळी तो बाभळीला बांधलेल्या लोखंडी कड्यात एकटाच चेंडू टाकत राही.

"सायेब, एकलंच का खेळता?" चाकणच्या धर्माजी फिटरनं एकदा विचारलं.

वॉल्टर मोडक्या हिंदीत सांगू लागला. कॉलेजात त्यांचा बास्केटबॉलचा संघ होता. ऐन मोसमात एकेकाला दुसऱ्या महायुद्धात लढायचं बोलावणं आलं आणि शेवटच्या सामन्याला संघाला लागणारे पाच जणही उरले नाहीत. त्याचा जिवलग मित्र इटलीत गेला, तो परतलाच नाही.

"माझा थोरला भाऊबी तितंच पडला," धर्माजी म्हणाला. "मराठा पलटणीत व्हता."

वॉल्टरनं चेंडू त्याच्याकडे टाकला. धर्माजीनं तो झेलून परत दिला. अंधार पडेपर्यंत दोघं तसेच खेळत राहिले. कड्याकडे कुणी पाहिलंही नाही.