कौलांचा वाफा

समुद्रकाठच्या तिरांगसारी गावातल्या घरांना उंची राहिली नव्हती. भरतीचं पाणी उंबऱ्यावरून आत यायला लागलं की लोक घरात भराव टाकत. जमीन वर सरके, छप्पर मात्र जागचं हलत नसे. वार्तिनीच्या घरी पाहुणा आला की आधी "डोकं सांभाळा" म्हणावं लागे आणि मग "या, बसा". इथे एके काळी भात पिकायचा. मग कोळंबीची तळी आली, आणि मग समुद्रच आला. अंगणात माती होती, पण जिभेला लावली तर खारट. तीत गवताची काडी धरत नसे. भाजी होडीने यायची आणि येईपर्यंत मान टाकायची.

वार्तिनीचा नवरा तोहारी मासेमारीच्या मोठ्या जहाजावर होता, वर्षाकाठी एकदा घरी येई. घरात ती आणि तिची सासू सुपिनाह, दोघीच. वार्तिनी सासूला माक, म्हणजे आई, म्हणे. म्हातारी सकाळपासून तोंडात पान धरून दारात बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणे मारी.

मागच्या उन्हाळ्यात शहरातून एक बाई आली आणि तिने वस्तीतल्या बायकांना एकाच पाण्यावर मासे आणि भाजी वाढवायला शिकवलं. खाली माशांचं पिंप, वर खडी भरलेला वाफा. छोटी मोटर माशांचं गढूळ पाणी वर चढवते; खडीतून झिरपताना त्या घाणीचं खत होतं, झाडं ते पितात आणि निवळलेलं पाणी परत माशांकडे उतरतं. माती लागतच नाही म्हटल्यावर बायका हरखून गेल्या. पण ऐकायला सोपं ते करायला सोपं नव्हतं. कुणाची मोटर शेवाळाने चोंदली, कुणी माशांना खायला घालून घालून पाणी नासवलं. एकेकीने हात टेकले. आता त्या निळ्या पिंपांत धुणं भिजत पडे.

वार्तिनीचे पहिले मासेही मेले होते. तिने हौसेने पिंप आणि वाफा घासूनपुसून लख्ख केला, आणि दोन-तीन दिवसांत मासे पाण्यावर पालथे पडले. शहरातल्या बाईला फोन केला तेव्हा कळलं, की खडीवर धरणारा बुळबुळीत थर हाच घाणीचं खत करतो. तो घासून टाकला की माशांना आपल्याच घाणीचं विष होतं. ती एक संध्याकाळ रडली. दुसऱ्या दिवशी चिलापीची नवी पिल्लं घेऊन आली आणि त्यांना चिमटी-चिमटीने खायला घालत, तो थर पुन्हा धरेपर्यंत दम खाऊन बसली.

मासे जगले, वाढले, खायला टाकलं की पाण्यात फटाके फुटावेत तशी झुंबड करायला लागले. नडली ती झाडं. नाळीची भाजी वितभर वर आली आणि तिच्यावर केवडा पडला. शिरा हिरव्या, बाकी पान हळदीसारखं. मिरचीची तीच गत. रोज सकाळी नवं पान उघडे ते आदल्या पानापेक्षा पिवळं.

शेजारची कासमिनाह रोज येऊन बघून जाई. वार्तिनी तिला मानाने 'बू' म्हणे.

"काय ग तिनी, केळी लावलीस का? पिकलेली दिसतात!"

"बघा, बू, बघा. हसून घ्या."

"हसत नाही ग. माझं पिंप दिलंच ना मी धुण्याला. तूही दे. समुद्राशी वैर धरून कुणाचं भलं झालंय?"

"मी कुठे समुद्राशी भांडतेय? मी भाजीशी भांडतेय," वार्तिनी म्हणाली आणि पिवळी पानं खुडायला लागली.

तिने सगळं करून पाहिलं. माशांचं खाणं वाढवलं, कमी केलं. मोटर उघडून धुतली. वाफ्यावर सावलीला जुनी जाळी बांधली, सोडली. पानं पिवळी ती पिवळीच.

एका दुपारी सुपिनाह पानाला चुना लावत होती. सुनेचं चाललेलं बघता बघता तिने विचारलं, "वाफ्यात खाली काय भरलंयस तू?"

"शिंपले, माक. या चिखलात दगड कुठून आणू? किनाऱ्यावरून गोळा केले, गोड्या पाण्याने सतरांदा धुतले. मीठ नाही राहिलेलं त्यांत."

म्हातारीने बोटावरचा चुना तिच्यासमोर धरला. "आणि हा कशाचा करतात?"

वार्तिनीने वाफ्यातला एक शिंपला उचलला.

"शिंपलेच भाजतात ना?" सुपिनाह म्हणाली. "माझं माहेर डोंगरातलं. पांढरी माती, सगळी चुनखडी. तिथे मिरची लावली की अशीच पिवळी पडायची. आई म्हणायची, चुना झाडाच्या घशात अडकतो, मग त्याच्या पोटात काही जात नाही."

"मग एवढे दिवस बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, खडी आहे. मी काय वाफ्यात वाकून बघते? माझी कंबर बघ आधी."

वार्तिनी उठली, वाटीत सिरका ओतला आणि त्यात एक शिंपला टाकला. शिंपला फसफसायला लागला. रोज सगळं पाणी त्या शिंपल्यांतून फिरत होतं. म्हणजे तिने स्वतःच्या हाताने झाडांना चुन्याचं पाणी पाजलं होतं. तिला हसूही आलं आणि कपाळावर हात मारून घ्यावासाही वाटला.

पण मग भरायचं काय? किनाऱ्याची वाळू म्हणजे शिंपल्यांचाच चुरा. पडक्या घरांच्या विटांत खार मुरलेला, हात लावला की पांढरा भुगा. भाजलेली, पावसाने धुतलेली, समुद्राचं पाणी कधी न चढलेली अशी एकच गोष्ट गावात होती: छपरावरची कौलं. आणि कौलं म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर एकच छप्पर आलं.

खालच्या वाडीत तिच्या वडिलांचं घर होतं. वाडी आता पाण्यातच होती, भिंती खिडकीपर्यंत बुडालेल्या. वडिलांना मोठा भाऊ जुमारी, तिचा कांग, शहरात घेऊन गेला आणि ते तिथेच वारले. घर मात्र उभं होतं. वडिलांनी स्वतः शाकारलेलं ते छप्पर एकही कौल न ढळता पाण्यावर तरंगत असल्यासारखं दिसे.

तिने भावाला फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे मागे कारखान्याचा आवाज येत होता.

"अब्बांचं छप्पर उतरवणार तू? माशांसाठी?" जुमारी म्हणाला.

"भाजीसाठी, कांग."

"मी तुला दोन वर्षं सांगतोय, म्हातारीला घे आणि इकडे ये. इथे दारावर भाजीवाला येतो. तुला तिथे पाण्यात बसून भाजीच का लावायचीय?"

"तोहारीचं घर इथे आहे. माक इथून हलायला तयार नाहीत. मीही नाही. आणि जोवर इथे आहे तोवर नीट जेवणार आहे."

"हट्टी आहेस."

"असेन. पण तुला न विचारता एक कौलही काढणार नाही. म्हणून फोन केला."

जुमारीने फोन ठेवून दिला.

वार्तिनी थांबली. कौलं काढायला गावातल्या कुणीही होडी दिली असती, कासमिनाहच्या नवऱ्याने तर स्वतःहून विचारलं. "घर दोघांचं आहे," एवढंच ती म्हणाली. मिरचीची रोपं वाळली. तिने ती उपटली, नाळीच्या भाजीचे त्यातल्या त्यात बरे शेंडे पावसाच्या पाण्याच्या बाटल्यांत रोवून खिडकीत ठेवले, आणि माशांचं खाणं कमी केलं, कारण घाण प्यायला झाडंच उरली नव्हती.

शुक्रवारच्या नमाजानंतर जुमारी दारात उभा राहिला. वाकायचं विसरला आणि त्याचं डोकं चौकटीवर आपटलं.

"घर ठेंगणं झालं," तो कपाळ चोळत म्हणाला.

"तू मोठा झालास," आतून सुपिनाह म्हणाली. "ये बाबा, बस. बहिणीला न्यायला आलास की मला?"

तो सरळ पिंपापाशी जाऊन वाकला. सावली पडताच चिलाप्या वर आल्या. त्याने खाण्याचे दोन दाणे टाकले आणि पाणी उसळून त्याच्या तोंडावर उडालं. तो दचकला, मग हसला. बऱ्याच दिवसांनी त्याला हसताना पाहिलं, असं वार्तिनीला वाटलं.

"होडी कुणाची मिळेल?" त्याने विचारलं.

छपरावर तोच चढला. ती खाली होडीत उभी राहून एकेक कौल झेलत होती. वासे कुजले होते, पाय टाकला की करकरत. कौलं मात्र खणखणीत होती. मधेच तो थांबला.

"तिनी, हे बघ." एका कौलावर मांजराच्या पंजाचा ठसा होता, ओल्या मातीवरून चालत गेलेलं कुठलं तरी मांजर. "अब्बा हे कौल मुद्दाम अंथरुणाच्या वर लावायचे. म्हणायचे, छपरावर मांजर असलं की उंदीर येत नाही."

"माझ्या अंथरुणाच्या वर होतं ते."

"माझ्या!" तो वरून ओरडला. "तू तर आईजवळ झोपायचीस."

आणि मग तो छपराच्या कण्यावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. ती होडीत उभी राहून थांबली. थोड्या वेळाने त्याने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं आणि पुढचं कौल खाली सोडलं. पंजाचं कौल त्याने वेगळं ठेवलं, आपल्याबरोबर न्यायला.

घरी आल्यावर कौलं फोडायचं काम सुपिनाहने मागून घेतलं. कंबर दुखते म्हणणारी म्हातारी पाट्याशी बसून वरवंट्याने कौलांचे सुपारीएवढे तुकडे पाडत राहिली. वार्तिनीने वाफ्यातले शिंपले उपसून काढले आणि हे तुकडे धुऊन भरले. जुमारीने तोवर बाह्या सरसावून पिंपात हात घातला होता.

"हे केवढं बुळबुळीत झालंय! घासून देतो."

"हात काढ!" वार्तिनी अशी ओरडली, की कासमिनाह आपल्या दारात आली. "एकदा घासून मी सगळे मासे मारलेत. त्या घाणीवरच सगळा संसार चाललाय."

जुन्या वाफ्यातले ओंजळभर शेवाळलेले शिंपले तिने कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरले आणि पिशवी कौलांच्या खड्यांत खोचून ठेवली, नव्या खड्यांना विरजण लागावं तशी. खडे चिकट व्हायला लागले की पिशवी काढून टाकायची.

"दह्यासारखं?" जुमारीने विचारलं.

"दह्यासारखंच. फक्त खाऊ नको."

त्या रात्री भावाने पहिल्यांदा चलण्याचा विषय काढला नाही. सकाळी जाताना मात्र म्हणाला, "एक दिवस पाणी छपराला लागेल, तिनी."

"लागेल. त्या दिवशी तुझ्याकडे येईन," ती म्हणाली. "आज नाही."

बाटल्यांतले शेंडे तिने कौलांत लावले. आधी काहीच झालं नाही. जुनी पानं पिवळीच राहिली आणि गळाली. पण अर्धं पिंप पाणी बदलून झाल्यावर, आणि पिशवी बाहेर काढल्यावर काही दिवसांनी, मधल्या शेंड्यातून एक पान उलगडलं. ती चूल सोडून तिथेच उकिडवी बसली. पान लहान होतं, गुंडाळलेलं होतं, आणि देठापासून टोकापर्यंत हिरवं होतं. त्याच्या मागचंही तसंच.

पाऊस संपायच्या आत वाफ्यातल्या भाजीआड खालचं पिंप दिसेनासं झालं. वार्तिनीने भाजी लसूण-मिरचीवर परतली, दोन चिलाप्या तळल्या, आणि सासू पान थुंकून जेवायला बसली. तिने दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा वार्तिनीने मुकाट्याने वाढला. कौतुक केलं असतं तर म्हातारीने काहीतरी खोट काढली असती. कासमिनाहने तिन्हीसांजेला येऊन एक जुडी नेली आणि दुसऱ्या दिवशी आपल्या पिंपातलं धुणं काढून दोरीवर टाकलं.

"माझ्या दिराचं घरही रिकामंच आहे," ती कुंपणावरून म्हणाली. "त्याला विचारू का कौलांचं?"

"विचारा. न विचारता आणू नका."

महिन्याभराने जुमारी पुन्हा आला, या वेळी बायकोला घेऊन. दोघांनी मिळून बांबूंची एक मोळी होडीतून उतरवली.

"पिंप आणि वाफा दोन्ही उंच मांडू," तो वाकून आत येत म्हणाला. "भरती आली तरी मोटर कोरडी राहील असा. सांग, कुठे?"

वार्तिनीने हात पुसले आणि जागा दाखवायला बाहेर आली.