डोक्यावरचा पाहुणा

पाल्मीराच्या कोंबड्या माना मुरगळून कुणीतरी तिच्याच उंबऱ्यावर ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. कुणीतरी कसलं, चेझीरानंच. सख्खी धाकटी बहीण. आदल्या दिवशी पाल्मीरानं तिच्या थोबाडीत अशी भडकावली होती की नाकातून रक्ताची धार लागली. त्याची ही परतफेड.

भांडण पाहुण्यांवरून. त्या वर्षांत शेजारच्या तालवेराहून समुद्रकाठच्या मोनेल्ला गावाला येणारी डोंगरकडेची वाट उन्हाळाभर भटक्या पोरापोरींनी फुललेली असे. पाठीवर सॅक, पायात जाड बूट, खिसा फाटका. हॉटेल परवडायचं नाही, म्हणून कुणाच्याही घरात खाट मिळाली की स्वारी खूश. त्यांना गाठायला मोनेल्लाच्या बायका वाटेच्या तोंडाशी, दगडी क्रुसाजवळ उभ्या राहत. नियम एकच होता, आणि तो कुणाला सांगावा लागत नसे. सॅक जिच्या डोक्यावर चढली, पाहुणा तिचा. जन्मभर द्राक्षांच्या टोपल्या डोक्यावरून उतरवलेल्या बायका त्या; ओझं पाठीवर घ्यायचं त्यांच्या मनातही येत नसे. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर सॅक, आणि मागून गोंधळून चालणारा परदेशी पोरगा, असं ते ध्यान गावात शिरायचं.

चेझीरानं पाल्मीराच्या डोक्यावरची सॅक ओढली, तिथं ठिणगी पडली.

तुल्योनं, म्हणजे पाल्मीराच्या नवऱ्यानं, मेलेल्या कोंबड्या पाहिल्या आणि दारातच बसकण मारली. "बास झालं आता. तुरीनला चुलतभाऊ बोलावतोय. कारखान्यात चिकटवून देतो म्हणतो."

"तुरीनला समुद्र आहे का?"

"कुठला समुद्र!"

"मग सकाळी उठून तिथं बघायचं काय? तुझं तोंड?"

पण शब्द तिनंच दिला होता. तळघरातली दारूची पिंपं हलवून तिनं तिथं खाटा टाकल्या होत्या. हा उन्हाळा पाहुण्यांनी तारला तर राहायचं, नाहीतर घराला कुलूप लावून निघायचं. अर्धं गाव असंच निघून गेलं होतं. उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेल्या त्यांच्या ओसाड तालींमध्ये काटेरी झुडपं माजली होती. त्या रांगेत आपलं घर नको, एवढंच पाल्मीराला हवं होतं.

तिनं कोंबड्या सोलल्या, शिजवून पाहुण्यांना घातल्या, आणि आतडी नेऊन चेझीराच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर भिरकावली.

रविवारी प्रार्थनेनंतर पुरुष चौकात लाकडी चेंडूंचा डाव मांडून बसले होते. चेझीराचा नवरा ओस्तील्यो, दोन माणसांचा ऐवज एका सदऱ्यात कोंबलेला गडी, मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "तुल्यो, बायकोला दावं लाव रे. चावत सुटलीय."

"आणि तू तुझीला खुराड्यात कोंड," तुल्यो म्हणाला. "मुंगसासारखी कोंबड्यांच्या नरडीला लागते."

लोक हसले. हसले नसते तर कदाचित निभावलं असतं. तुल्योचा हात कठड्यावर टेकलेला होता. ओस्तील्योनं हातातला चेंडू त्याच्यावर हाणला. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. मध्ये पडलेल्या पाद्रीबाबांच्या तोंडावरही एक कोपर बसलं, आणि शुभ्र गळपट्टीवर त्यांचा दात पडला. डॉक्टरांनी तुल्योचा हात बांधला आणि सांगितलं की छाटणीची कात्री या हाताला आता धरवायची नाही.

आता सगळं त्या खाटांवर येऊन ठेपलं.

दुसऱ्या दिवशी पाल्मीरा क्रुसापाशी थांबलीच नाही. वाट चढून पार वरच्या वळणापर्यंत गेली. तिथं एक डॅनिश जोडपं भेटलं, मोर्टेन आणि गिटे. उन्हानं लाल झालेले, हसरे. तिनं हातवाऱ्यांनी खाट दाखवली, रस्सा भुरकून दाखवला, आणि मोर्टेनची लोखंडी चौकटीची सॅक चुंबळीवर चढवली. टोपलीचं वजन बुडाशी असतं. ही वरून जड होती, आणि पट्टे दोन्हीकडे लोंबत होते. तरी पाल्मीरा ताठ मानेनं निघाली.

ओस्तील्योच्या मळ्याजवळ वाट चिंचोळी होते. खाली त्याचा गडगा, म्हणजे उताराची माती धरणारी दगडी भिंत, गडग्याखाली कडा, कड्याखाली खडक आणि पाणी. पाहुण्यांच्या नादात दोन्ही घरांनी गडग्यांची डागडुजी करायचं सोडून दिलं होतं. या गडग्याला तर चांगलं पोट सुटलं होतं. तिथंच चेझीरा आडवी उभी होती. मागे ओस्तील्यो, हातात कोयता.

"उतरव ती," चेझीरा म्हणाली.

"का गं? तुझं डोकं रिकामं म्हणून?"

"नवरा लुळा झाला, तरी जीभ शाबूत आहे हिची!"

"तुझा नवरा धडधाकट आहे, म्हणून तर तुला अक्कल आली नाही. बाजूला हो."

चेझीरानं लोंबता पट्टा धरला आणि मनगटाला गुंडाळून ओढला. ओस्तील्योनं पुढं होऊन कोयत्याचा घाव सॅकवर घातला. कापड टरकलं. डबे, मोजे, पावाचे तुकडे उतारावरून गडगडत गेले. मोर्टेनला वाटलं, दरोडा पडला. त्यानं तंबूची काठी उचलून ओस्तील्योच्या तोंडावर हाणली. ओठ फाटला. ओस्तील्यो बैलासारखा डुरकला, आणि पुढचा घाव मोर्टेनच्या हातावर बसला. कोपराखालचं मांस उघडं पडलं. गिटे किंचाळली.

ती किंकाळी ऐकून पाल्मीरा वळली. डोक्यावर ओझं असलेली बाई नुसती मान वळवत नाही. अख्खं अंग वळवते. तशीच ती वळली, आणि लोखंडी चौकट फिरून चेझीराच्या कानशिलावर आदळली. चेझीराचा पाय गडग्याच्या माथ्यावर पडला. पोट सुटलेला गडगा एकदम ओकला. दगड, माती, वेली आणि चेझीरा, सगळं मिळून खाली गेलं.

पाल्मीरा पालथी पडली. सॅकचा एक पट्टा तिच्या दंडात अडकला होता, दुसरा चेझीराच्या मनगटात. खाली चेझीरा हवेत लटकत होती. तिचा खांदा जागचा निघाला होता. दगड पाण्यात पडल्याचे आवाज अजून येत होते.

"सोडू नको, पाल्मीरा," चेझीरा म्हणाली. ओरडली नाही. नुसती म्हणाली.

पाल्मीराच्या डोळ्यांपुढं तळघरातल्या खाटा आल्या, भरलेल्या. वाटेच्या तोंडाशी आपण एकटी. ते चित्र तिनं नीट पाहिलं. मग पट्टा काखेत घट्ट दाबून धरला आणि दोन्ही हातांनी बहिणीचे केस पकडले.

"ओस्तील्यो! बैला! कोयता टाक आणि ओढ!"

ओस्तील्यो रडत आला. त्यानं चेझीराला काखेत धरून वर ओढलं. पाल्मीराच्या मुठीत केसांचे झुपके राहिले, टोकांना रक्त लागलेले. चेझीरा शुद्धीवर होती, शिव्या देत होती, म्हणजे जगणार होती.

मोर्टेन आणि गिटेनं मात्र फाटकी सॅक गोळा केली आणि रक्ताचे थेंब सांडत सरळ स्टेशन गाठलं. ही पोरं एकमेकांना वाटेतल्या गोष्टी सांगतात. मोनेल्लात कोयत्यानं कापतात, ही बातमी पायी चालून किनाराभर गेली. ऑगस्टात वाट ओस पडली. पोलिसांनी ओस्तील्योला नेलं. पाल्मीराच्या खाटांवर कुणी झोपलं नाही, चेझीराच्याही नाही.

सप्टेंबरात, ऐन द्राक्षतोडीच्या दिवसांत, तुल्योनं घराला कुलूप लावलं.

स्टेशनवर पाल्मीरा गाठोडी घेऊन उभी होती. पलीकडच्या फलाटावर चेझीरा, हात गळ्यात बांधलेला, डोक्यावर फडकं.

"जातेस?" चेझीरानं रुळांवरून विचारलं.

"मग काय, नाचू?"

"तिथं कुणाच्या झिंज्या उपटशील?"

"तुझ्या उगवल्या की कळव. येते."

इतक्यात तालवेराकडून गाडी आली. तिच्यातून सॅका घेतलेल्या तीन पोरी पाल्मीराच्या बाजूला उतरल्या. एकीनं मोडक्यातोडक्या भाषेत भीत भीत विचारलं, "बाई, ते कोयतेवाले... ते याच गावचे ना?"

पाल्मीरानं दोन डब्यांमधल्या फटीतून पलीकडे पाहिलं. चेझीरा बावळटासारखी उभी होती, एका हातानं फडकं सावरत. तिला काही ऐकू गेलं नव्हतं.

"छे गं!" पाल्मीरा म्हणाली. "ते तालवेराचे. पहिल्यापासून हलकट लोक. इथं बिनघोर राहा. ती पलीकडची बाई खाट देते. रस्सा बेचव करते, पण पोटभर वाढते."

तुल्योनं एका हातानं गाठोडं आत ढकललं. ती चढली आणि समुद्राच्या बाजूची खिडकी धरून बसली.